टाळूची खिडकी

बाळाच्या टाळूवर तेल घालताना आपल्या आज्या ती फुगली आहे की खोल गेली आहे, हे बोटांनी ओळखत. डॉक्टरांचीही पहिली तपासणी तीच. पण टाळू ताठ होईपर्यंत मेंदूवरचा दाब बराच वाढलेला असू शकतो.

स्वीडनमधील लार्स लेक्सेल यांनी १९५६ साली, मेंदूची मध्यरेषा सरकली आहे का हे ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनीवरून ओळखण्याची पद्धत प्रसिद्ध केली. १९७८ साली अमेरिकेत पापिल व सहकाऱ्यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या मेंदूतील रक्तस्रावाच्या चार पायऱ्या ठरवल्या, त्या सीटी स्कॅनवरून. मात्र त्यासाठी दीड किलोहून हलके, आजारी बाळ यंत्रापर्यंत न्यावे लागे. पुढच्याच वर्षी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमधील पेप व सहकाऱ्यांनी अल्ट्रासाउंडने अशा बाळांच्या मेंदूतील इजा दाखवली. आता यंत्रच बाळापाशी जाऊ लागले. हाड ध्वनी अडवते, टाळू अडवत नाही. म्हणून तीच खिडकी ठरली. १९८१ साली लेव्हिन यांनी मेंदूतील पोकळ्यांच्या रुंदीचा वयानुसार आलेख दिला. पोकळ्या फुगत आहेत का, हे आकड्यांत कळू लागले.

अल्ट्रासाउंड दाब थेट मोजत नाही. दाब वाढला की दोन ठोक्यांमधला रक्तप्रवाह मंदावतो, कधी उलटा फिरतो. डॉपलर ते दाखवतो. त्यावरून अंदाज बांधायचा.

तरी आजीचे बोट निकामी झालेले नाही. शांत बाळाची टाळू फुगलेली वाटली, उलट्या किंवा सुस्ती असली, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.