पुतळा आपला, स्टुडिओ कोणाचा?

लातूर जिल्ह्यातली खरोसा लेणी सहाव्या शतकातली, जांभ्या दगडात कोरलेली. कोरणाऱ्यांचा स्टुडिओ म्हणजे तो डोंगरच. इतिहासाने राजांची नावं जपली, छिन्नी धरणाऱ्यांची नाही.

आपणही तेच करतो. संसदेच्या आवारात १९६७ साली बसवलेला बाबासाहेबांचा पुतळा शिल्पकार बी. व्ही. वाघ यांनी घडवला, हे कितीजण सांगू शकतील? २०२२ मध्ये लातूरला ७० फुटी पुतळा उभा राहिला. हार घालताना घडवणारे हात कोण विचारतो?

म्हणून नांदेड-लातूरच्या विहारांत आपल्या मुलांसाठी एक खोली राखा. खिडकी उत्तरेला, म्हणजे दिवसभर सारखा उजेड. फिरतं टेबल, शाडू, सांगाड्याला सळ्या, साच्याला प्लास्टर. पुढच्या पुतळ्याआधी या खोलीची वर्गणी काढा.

जय भीम!