जालियनवाला बागेतल्या जखमींचे काय झाले?

जालियनवाला बाग म्हटले की आपल्यापैकी प्रत्येकाला काही आकडे तोंडपाठ असतात. १३ एप्रिल १९१९, बैसाखीचा दिवस, जनरल डायर, दहा मिनिटांचा गोळीबार, १६५० गोळ्या आणि ३७९ मृत. हा ३७९ चा आकडा सरकारी आहे आणि तो कमी आहे, अशी तक्रार तेव्हापासून आजपर्यंत होत आली आहे. मृतांच्या आकड्यावर वाद झाले, भाषणे झाली, ग्रंथ लिहिले गेले. पण त्या मैदानातून रक्ताळलेला पाय ओढत जे घरी गेले, त्यांचे पुढे काय झाले? गोळी कोणी काढली? औषधपाण्याचा खर्च कोणी केला? हात किंवा पाय कायमचा गेल्यावर त्यांच्या घरची चूल कशी पेटली? इतिहासाच्या पुस्तकांत याचे उत्तर शोधू लागलो की पाने भराभर उलटतात आणि हाती फार थोडे लागते.

हे असे का झाले, याचा विचार आपण केला पाहिजे. कारण हा प्रश्न फक्त अमृतसरचा नाही.

आधी त्या संध्याकाळची हकिकत पाहू. शहरात आधीच तणाव होता. डॉ. सत्यपाल आणि सैफुद्दीन किचलू या दोन पुढाऱ्यांना १० एप्रिलला सरकारने शहराबाहेर नेले होते. त्यांच्या सुटकेची मागणी करायला निघालेल्या जमावावर पुलाजवळ गोळीबार झाला, माणसे मेली. चिडलेल्या जमावाने मग पाच युरोपियनांना ठार केले. तेराव्या तारखेला डायरने सभाबंदी जाहीर केली आणि रात्री आठनंतर घराबाहेर पडेल त्याला गोळी घालू, असा हुकूम काढला. गोळीबार झाला तो संध्याकाळी पाच-सव्वापाचच्या सुमाराला. म्हणजे जखमींना उचलून न्यायला नातेवाइकांच्या हाती फार थोडा वेळ होता. आठ वाजले, दारे बंद झाली आणि बागेत पडलेली माणसे तशीच राहिली. रतनदेवी नावाची एक बाई त्या रात्री नवऱ्याच्या मृतदेहाजवळ बसून होती. कुत्री हाकलायला तिच्या हातात एक काठी होती. भोवती पडलेले जखमी पाणी मागत होते. तिची साक्ष काँग्रेसच्या चौकशी अहवालात आहे. ती वाचताना आजही घशाला कोरड पडते.

त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला लाहोरला हंटर समितीपुढे डायरची साक्ष झाली. जखमींसाठी तुम्ही काय व्यवस्था केलीत, असे त्याला विचारण्यात आले. ते माझे काम नव्हते, दवाखाने उघडे होते, त्यांनी तिथे जायला हवे होते, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. या समितीत आपल्या मुंबईचे चिमणलाल सेटलवाड होते. पंडित जगतनारायण आणि साहेबजादा सुलतान अहमद खान यांच्यासह त्यांनी इंग्रज सभासदांपेक्षा वेगळा, कडक अहवाल दिला.

दवाखाने उघडे होते, हे खरे मानू. पण दवाखान्यात जायचे म्हणजे काय करायचे? नाव सांगायचे, पत्ता सांगायचे आणि गोळी कुठे लागली ते सांगायचे. सभा बेकायदा ठरली होती. त्यामुळे जखम ही नुसती जखम राहिली नव्हती, ती तुमच्याविरुद्धचा पुरावा झाली होती. उपचार मागणे म्हणजे आपल्याच तोंडाने गुन्हा कबूल करणे! मग माणसे घरातच लपली. ज्याला खासगी डॉक्टर किंवा हकीम परवडला त्याने तो गुपचूप बोलावला, ज्याला परवडला नाही त्याने हळद-चुना लावून दिवस काढले. बैसाखीसाठी खेड्यांतून आलेले शेतकरी तर तशाच अवस्थेत गावाच्या वाटेला लागले.

ज्यांनी उपचार करायचे, त्यांचीही गत पाहा. सत्यपाल स्वतः डॉक्टर होते. ते स्थानबद्ध होते आणि पुढे त्यांना जन्मठेप झाली. दुसरे डॉक्टर मोहम्मद बशीर. रामनवमीच्या दिवशी, ९ एप्रिलला, हिंदू-मुसलमानांनी मिळून जी मिरवणूक काढली तिच्या पुढाऱ्यांपैकी ते एक. त्यांना लष्करी कायद्याखाली फाशीची शिक्षा झाली. ती पुढे कमी झाली आणि वर्षअखेरीस बादशहाच्या माफीनंतर ते सुटले. शहराचे पाणी आणि वीज तोडण्यात आली होती. ज्या गल्लीत एका इंग्रज बाईवर हल्ला झाला होता, तिथून पोटावर सरपटत जाण्याचा हुकूम १९ एप्रिलपासून काही दिवस लागू होता. त्या गल्लीतल्या आजाऱ्याकडे कोणता डॉक्टर सरपटत जाणार?

सरकारने मृतांची नावे गोळा करायला सुरुवात केली तीही काही महिन्यांनी, उन्हाळा उलटल्यावर. लोक पुढे यायला घाबरत होते. अलाहाबादच्या सेवा समितीच्या कार्यकर्त्यांनी घरोघर फिरून नावे मिळवली, म्हणून सरकारी आकडा ३७९ पर्यंत तरी पोचला. आणि जखमी? त्यांच्याबद्दल हंटर समितीने एवढेच म्हटले की, मृतांच्या तिप्पट जखमी असावेत. म्हणजे मृत मोजले गेले, जखमी मात्र गुणाकाराने काढले गेले. ज्याचे नावच कुठल्या यादीत नाही, त्याने औषधाच्या खर्चासाठी कोणाच्या दारात उभे राहायचे?

काँग्रेसने आपली वेगळी चौकशी केली. तिच्या अहवालावर गांधीजी, चित्तरंजन दास, बडोद्याचे निवृत्त न्यायाधीश अब्बास तय्यबजी आणि मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांची नावे आहेत. त्यांनी शेकडो साक्षी घेतल्या. गोरगरिबांना निर्भयपणे बोलण्याची जागा मिळाली ती या लोकांसमोर. १९१९ च्या डिसेंबरात काँग्रेस आणि मुस्लिम लीग, दोघांची अधिवेशने अमृतसरलाच भरली. लीगच्या अध्यक्षपदी हकीम अजमल खान होते, म्हणजे पेशानेच वैद्य. देशभरातले पुढारी त्या जखमी शहरात आले, हा मोठाच दिलासा होता.

पैशाचे मात्र ऐका. मारल्या गेलेल्या युरोपियनांच्या कुटुंबांना सरकारने भरपाई दिली. बागेतल्या लोकांना तशाच मापाने भरपाई मिळावी, ही मागणी मध्यवर्ती कायदेमंडळात मांडायला फेब्रुवारी १९२१ उजाडावा लागला. ती मांडली मुंबईच्या जमनादास द्वारकादास यांनी, आणि त्यांच्या ठरावात मृतांच्या वारसांबरोबर जखमींचाही उल्लेख होता. तोवर जवळजवळ दोन वर्षे गेली होती. ज्याची जखम सडायची होती ती सडली होती, ज्याला कर्ज काढायचे होते त्याने ते काढले होते. याच काळात, १९२० मध्ये, इंग्लंडमध्ये 'मॉर्निंग पोस्ट' या वर्तमानपत्राने डायरसाठी निधी उघडला आणि बघता बघता २६ हजार पौंडांहून अधिक रक्कम जमली. गोळी घालणाऱ्याला मदत मागावी लागली नाही. ती त्याच्या घरी चालत आली!

आपल्या लोकांनीही निधी जमवला. बागेची जागा विकत घेण्यासाठी साडेपाच लाखांहून अधिक रुपये उभे राहिले, म्हणूनच ती बाग आज स्मारक म्हणून शिल्लक आहे. ते काम आवश्यकच होते. पण एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. शहिदासाठी समाज मन मोकळे करून देतो, कारण शहीद पुन्हा मागायला येत नाही. जखमी माणूस मात्र दर महिन्याला येतो. आधी मलमपट्टीला, मग शस्त्रक्रियेला, मग पोराच्या फीला. पहिल्यांदा आपण त्याला मिठी मारतो, तिसऱ्यांदा त्याला पाहून वाट बदलतो.

आपल्या महाराष्ट्रात तरी वेगळे काय झाले? संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या हुतात्म्यांची नावे आपण आदराने घेतो. त्याच गोळीबारांत जायबंदी झालेल्यांची नावे आपल्यापैकी किती जणांना सांगता येतील? १९९२-९३ च्या मुंबईत न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने ९०० मृतांबरोबर २०३६ जखमींचीही नोंद केली. जखमी निदान मोजले गेले. पण जखमेचा पुरावा होण्याची भीती तिथेही संपली नव्हती. वडाळ्याच्या हरी मशिदीत १० जानेवारी १९९३ रोजी पोलिसांच्या गोळीने जखमी झालेल्या एका नमाजीवरच दंगलीचा गुन्हा दाखल झाला. त्यातून निर्दोष सुटायला त्याला २००९ साल पाहावे लागले. सोळा वर्षे! अंगात गोळीची खूण, आणि हातात कोर्टाची तारीख.

आज कायदा बदलला आहे. जखमी कोणीही असो, कसाही जखमी झालेला असो, पोलिसी सोपस्कारांसाठी न थांबता डॉक्टरने आधी उपचार केले पाहिजेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये दिला. तो सरकारी आणि खासगी दोन्ही डॉक्टरांना लागू आहे. हा हक्क आपल्या प्रत्येक घरात माहीत असायला हवा. पण पहिल्या उपचारानंतर बिल येते, आणि ते कोणी भरायचे हा अमृतसरचा जुना प्रश्न तसाच उभा राहतो.

यावर आम्हांला दोनच गोष्टी सुचतात. पहिली, नोंद. अलाहाबादचे कार्यकर्ते वह्या घेऊन घरोघर फिरले नसते तर मृतांची नावेही बुडाली असती. मोर्चा असो, दंगल असो, जखमींची वही पहिल्या दिवसापासून ठेवली पाहिजे. नाव, जखम, दवाखान्याचे कागद, झालेला खर्च, बुडालेली मजुरी. दुसरी, मदत. ती एकदा हार घालून देण्याची नव्हे, तर माणूस पुन्हा कामावर जाईपर्यंत देण्याची. आपल्याकडे मोहल्ल्याची जमात आहे, बैतुलमाल आहे. जकातीच्या आठ हकदारांत कर्जात बुडालेला माणूसही आहे. उपचारापायी कर्जबाजारी झालेला जखमी त्यात बसतो की नाही, हे आपल्या आलिमांना विचारायला काय हरकत आहे?

अमृतसरच्या बागेत आज भिंतींवरच्या गोळ्यांच्या खुणा जपून ठेवल्या आहेत. लोक येतात, बोट लावून पाहतात. भिंतीला लागलेल्या गोळ्या मोजल्या गेल्या, हे चांगलेच झाले. माणसांना लागलेल्या गोळ्याही कोणीतरी मोजायला हव्या होत्या. तेव्हा ते राहून गेले; पुढच्या वेळी राहू नये, एवढे तर आपल्या हातात आहे.