मांडवातला बॉक्स आणि घनफुटांचा हिशेब

मौजे करावे, तालुका व जिल्हा ठाणे, या आगरी-कोळी गावाच्या जमिनींवर आज सीवूड्स-नेरूळच्या इमारती उभ्या आहेत. त्याचा इतिहास लिहावयाचा झाल्यास तो बहुधा भूसंपादनाच्या हुकुमांपासून आरंभिला जातो. परंतु माणसे ज्या आवाजात आपली लग्ने लावतात त्या आवाजालाही इतिहास असतो, आणि बेलापूर पट्टीतील गावठाणांत तो धवलारणीच्या कंठापासून निघून घरी ठोकलेल्या सबवूफरच्या बॉक्सापर्यंत येऊन पोहोचला आहे.

धवलारीण ही या समाजातील लग्नविधीची मानकरीण. तिचे धवले, म्हणजे लग्नाची गाणी, उघड्या कंठाने गाइले जात आणि मांडवाचा विस्तार तिच्या आवाजाच्या पल्ल्याने ठरे. पुढे बेंजो आला, कर्णे आले. दिल्लीत १९४० साली स्थापन झालेल्या अहुजा कंपनीचे अ‍ॅम्प्लिफायर खेडोपाडी भाड्याने मिळू लागले. कर्णा शब्द दूरवर पोहोचवितो खरा, पण ढोलाचा खर्ज त्याच्या आवाक्याबाहेरचा असतो, कारण त्याच्या इवल्याशा पडद्याला एवढी हवा हलविण्याचे सामर्थ्यच नसते. आणि हळदीच्या रात्री नाचणाऱ्याच्या पावलांना हवा असतो तो नेमका हाच खर्ज.

मार्च १९७० मध्ये नवी मुंबई वसविणाऱ्या सिडको महामंडळाची स्थापना झाली, ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादनाखाली आल्या, आणि दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी पाच शेतकरी हुतात्मे झाले, तेव्हा कोठे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडाच्या हक्काची वाट मोकळी झाली. शेती गेलेल्या घरांतील तरुणांनी टेम्पो, बांधकाम-साहित्याचा पुरवठा, मंडप, रोषणाई असे जे धंदे धरले, त्यांतच साऊंडचाही धंदा होता. तयार बॉक्स महाग, सबब मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून नुसता स्पीकर आणावयाचा आणि बॉक्स सुताराकडून करून घ्यावयाचा, ही रीत पडली.

या रीतीमागे जे शास्त्र आहे ते फार जुने नाही. राइस व केलॉग यांनी १९२५ साली आजच्या स्वरूपाचा कॉइल-पडद्याचा स्पीकर जगापुढे ठेवला. पोर्ट, म्हणजे हवेला आत-बाहेर जाण्यासाठी ठेवलेले भोक, असलेल्या बॉक्साचे एकस्व अमेरिकेत थुरास यांना १९३२ मध्ये मिळाले. बंद पेटीतील हवेलाच स्प्रिंगप्रमाणे राबविण्याची युक्ती व्हिलचुर यांनी १९५४ मध्ये बाजारात आणली. आणि ऑस्ट्रेलियात थील यांनी १९६१ साली, व त्यांच्यामागून स्मॉल यांनी १९७० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत, स्पीकरच्या मोजक्या तीन गुणांवरून बॉक्साचे आकारमान गणिताने काढता येते हे सिद्ध केले. ते तीन गुण असे : पडदा मोकळा असताना स्वभावतः ज्या वारंवारतेवर डोलतो ती वारंवारता, डोलणे किती लवकर शमते हे सांगणारा अंक, आणि पडद्याच्या बांधणीइतकीच लवचिकता ज्या हवेत असते त्या हवेचे लिटरमधील माप. हे तिन्ही स्पीकरागणिक बदलतात. म्हणूनच एखाद्या नामांकित परदेशी बॉक्साची बाहेरची मापे टेपने घेऊन तसाच बॉक्स ठोकावयाचा आणि त्यात भलताच स्पीकर बसवावयाचा, हा या धंद्यातील सर्वांत खर्चिक प्रमाद होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

हिशेबाची खरी परीक्षा मात्र सुताराच्या फळीवर होते. चोवीस इंच उंच, वीस इंच रुंद आणि अठरा इंच खोल बॉक्स बाहेरून मोजला तर बरोबर ५ घनफूट भरतो. प्लाय सहा सुती, म्हणजे पाऊण इंची असेल, तर प्रत्येक मापातून दीड-दीड इंच वजा जातो. आतून साडेबावीस, साडेअठरा व साडेसोळा इंच उरतात, आणि घनफळ ४ घनफुटांच्या किंचित आतच, सुमारे ११२ लिटर, येते. म्हणजे पाचांतला एक घनफूट केवळ लाकडाने खाल्ला! त्यातून स्पीकरचे मॅग्नेट, आतले आडवे टेके आणि पोर्टचा पाइप यांनी अडविलेली जागाही वजा करावी लागते. निव्वळ ११० लिटर हवा उरेल असा किंचित मोठा बॉक्स धरला, आणि चार इंच आतील व्यासाचे दोन पीव्हीसी पाइप सुमारे साडेसात इंच लांबीचे बसविले, तर पोर्टचा सूर ४० हर्ट्झच्या आसपास लागतो. पाइप लांबविला की सूर उतरतो, आखूड केला की चढतो. सांधे सरसाने व स्क्रूने घट्ट बसवून फटी बुजविल्या नाहीत तर हा सारा हिशेब व्यर्थ जातो, कारण फटीतून हवा फुसफुसू लागली की खर्जाचा जोर तेथेच ओसरतो.

स्पीकर पुढच्या फळीवर नेमका कोठे बसवावा, यावर पुष्कळ वाद घातला जातो. चाळीस हर्ट्झच्या ध्वनीची लहर साडेआठ मीटरांहून लांब असते, तिच्यापुढे दोन फुटांच्या फळीवरील चार इंचांचा फरक नगण्य आहे; निर्णायक ठरते ती बॉक्साची मांडवातली जागा. अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती दुप्पट केली तरी आवाज अवघा तीन डेसिबल चढतो. बॉक्स जमिनीवर, भिंतीलगत ठेवला तर तेवढी, कित्येकदा त्याहून अधिक, वाढ फुकट पदरात पडते. दोन बॉक्स मांडवाच्या दोन टोकांना ठेवले, तर ज्या श्रोत्यापासून एक दुसऱ्यापेक्षा सुमारे चौदा फूट अधिक दूर पडतो, त्याच्या कानी चाळीस हर्ट्झच्या सुरात दोन लहरी परस्परांना छेदतात. सबब ते शेजारी शेजारी लावावेत. जोडणीपूर्वी पेन्सिल सेलची धन बाजू स्पीकरच्या धन टोकाला क्षणभर लावून पाहावी : पडदा पुढे आला तर खूण बरोबर. दोहोंपैकी एक जरी उलटा जोडला गेला तरी जवळ ठेवलेले दोन बॉक्स एकमेकांचा खर्ज गिळून टाकतात.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आणि उघड्यावरच्या ध्वनिक्षेपकाला रात्री दहा ते सकाळी सहा बंदी केली. मला ही मर्यादा न्याय्य वाटते. दाट गावठाणात आजारी माणूस आणि अभ्यास करणारे मूल एकाच भिंतीपलीकडे असतात, आणि सुरात लावलेला बॉक्स माफक शक्तीतही खर्ज स्वच्छ देतो. परंतु ज्या कारागिरांनी हे हिशेब कागदावर, प्लायच्या पाठीवर पेन्सिलीने मांडले, त्यांची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. करावे आणि शेजारच्या गावांतील ज्या कुणाच्या घरी असा जुना बॉक्स पोटमाळ्यावर पडला असेल, त्यांनी तो भंगारात देण्यापूर्वी त्याची आतली तीन मापे, प्लायची जाडी, पोर्टचा व्यास व लांबी, आणि करणाऱ्या सुताराचे नाव एवढे एका वहीत लिहून ठेवावे.