हिवाळा म्हणजे पाऊस असलेला किनारा आणि बर्फावरचा खेळ

(१) रेवदंड्यातील एका शाळेच्या आवारात एक स्मारकस्तंभ उभा आहे. रशियातील त्वेर शहराचा व्यापारी अफानासी निकितीन याच्या स्मरणार्थ तो २००२ साली उभारण्यात आला. वास्को द गामा कालिकतला पोहोचण्यापूर्वी सुमारे तीन दशके, १४६९ च्या आसपास, निकितीन होर्मुझहून समुद्रमार्गे चौलला उतरला. रेवदंडा हा त्याच प्राचीन बंदराचा परिसर.

(२) चौलहून तो जुन्नरला गेला आणि तेथे पावसात अडकून पडला. आपल्या प्रवासवर्णनात त्याने त्या पाण्याची व चिखलाची नोंद केली. मात्र त्या ऋतूला तो ‘हिवाळा’ म्हणतो. वाटा बंद करणारा ऋतू म्हणजे हिवाळा, हाच त्याचा अनुभव असावा. त्वेरमध्ये त्या ऋतूत व्होल्गा गोठते. कोकणात ओढे-नाले दुथडी भरून वाहतात.

(३) याच त्वेरमध्ये, त्या काळी शहराचे नाव कालिनिन असताना, १९८३ साली इल्या कोवाल्चुक जन्मला. २००१ मध्ये रशियाने १८ वर्षांखालील जागतिक आइस हॉकी स्पर्धा जिंकली, तेव्हा तो स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच वर्षी उत्तर अमेरिकेच्या एनएचएल लीगमधील नवोदितांच्या निवडीत त्याला पहिले स्थान मिळाले. हा मान मिळवणारा तो पहिला रशियन होता.

(४) मग प्रश्न असा की, जेथे पाणी कधी गोठतच नाही, तेथील मुलांनी या खेळात यावे तरी कसे? आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघ १९०८ साली पॅरिसमध्ये स्थापन झाला. २० वर्षांखालील अधिकृत जागतिक स्पर्धा १९७७ पासून आणि १८ वर्षांखालील स्पर्धा १९९९ पासून सुरू झाली. प्रारंभी त्यांवर हिमप्रदेशांचेच वर्चस्व होते.

(५) उष्ण देशांसाठी दार उघडले ते यंत्राने. १८३४ साली मुंबईत बर्फ आला, तो अमेरिकेतील गोठलेल्या तळ्यांतून कापून, जहाजात भुशाच्या आवरणाखाली साठवून. तो सरबतापुरता पुरे, मैदानापुरता नव्हे. पुढे १८७६ मध्ये जॉन गॅमजी याने लंडनमध्ये यंत्राने गोठवलेली पहिली रिंक सुरू केली आणि खेळाचे ऋतूशी असलेले नाते सैल झाले.

(६) आजच्या रिंकची रचना तत्त्वतः सोपी आहे. काँक्रीटच्या तळात नळ्यांचे जाळे असते; त्यांतून अतिथंड द्रव फिरतो; वर पाण्याचे पातळ थर एकेक करून गोठवले जातात. बर्फाची जाडी जेमतेम तीन-चार सेंटिमीटर. पण मैदान ६० मीटर लांबीचे. तेवढा बर्फ उन्हाळाभर टिकवायचा, तर यंत्र आणि वीज अखंड हवी.

(७) याच यंत्राच्या बळावर नकाशा बदलला. मेक्सिको, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया यांचे कुमार संघ जागतिक स्पर्धेच्या खालच्या विभागांत उतरू लागले. तेथे बढती आहे, पदावनतीही आहे. तळाच्या विभागातील संघालाही वर चढण्याची वाट नियमानेच खुली असते.

(८) भारताची स्थिती याच्या उलट आहे. येथे हिमालय आहे. शिमल्यात १९२० पासून नैसर्गिक बर्फाची रिंक आहे. लडाखमध्ये लष्करी जवानांमुळे हा खेळ रुजला आणि गोठलेल्या तळ्यांवर पिढ्या घडल्या. १९८९ मध्ये भारत आंतरराष्ट्रीय महासंघाचा सदस्य झाला. पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा मात्र २००९ साली, अबू धाबीत. म्हणजे वीस वर्षांनी, आणि तीही वाळवंटातल्या बर्फावर!

(९) विलंबाचे मूळ साध्या हिशेबात सापडते. लडाखमधील नैसर्गिक बर्फ वर्षाकाठी सुमारे दोन महिने खेळण्याजोगा राहतो. आठव्या वर्षी स्केट्स बांधणाऱ्या मुलाला अठराव्या वर्षापर्यंत दहा हिवाळे मिळतात. म्हणजे अवघे २० महिने. बारमाही रिंकजवळच्या मुलाला तेवढा काळ दोन वर्षांतच लाभतो. कुमार वय मात्र दोघांचेही एकाच वेगाने सरते.

(१०) थायलंडचे उदाहरण म्हणूनच बोलके आहे. तोही १९८९ मध्येच सदस्य झाला. तेथे बर्फ पडत नाही. पण बँकॉकमध्ये बंदिस्त रिंक आहेत. थायलंडचा संघ जागतिक अजिंक्यपदाच्या विभागांपर्यंत पोहोचला. भारताची वाटचाल प्रामुख्याने आशियाई स्पर्धांपुरती राहिली. थंडीचा वारसा एकाकडे होता, छताखालचा बर्फ दुसऱ्याकडे.

(११) भारतानेही छत उभारले होते. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी डेहराडूनमध्ये मोठी रिंक बांधली गेली. पुढे चालवण्याचा खर्च न झेपल्याने ती अनेक वर्षे बंद पडली आणि २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. त्या काळात कुमार वय ओलांडून गेलेल्यांना ती वर्षे कोणी परत देऊ शकत नाही.

(१२) तरीही जिद्द आटली नाही. बहुतांशी लडाखच्या मुलींचा भारतीय महिला संघ २०१६ मध्ये प्रथम आंतरराष्ट्रीय बर्फावर उतरला. २०१७ मध्ये बँकॉकला फिलिपिन्सला ४-३ असे हरवून त्याने पहिला विजय नोंदवला. २०२५ च्या आशिया चषकात, अल ऐन येथे, त्याच संघाने कांस्यपदक जिंकले.

(१३) महाराष्ट्राची मुले या खेळाच्या उंबरठ्यापर्यंत चाकांवरून आली आहेत. येथील स्केटिंगची तयारी मुख्यतः रोलर व इनलाइन स्केट्सवर होते. तरीही लेहमधील खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांत महाराष्ट्राच्या स्केटरांनी पदके मिळवली. तोल, वळण, वेग हे सारे चाकांवर शिकता येते. पात्याखाली बर्फ कसा सरकतो, हे मात्र बर्फावरच कळते.

(१४) कोकणात आजही ‘हिवाळा’ नव्हे, तर पाऊसच वाटा अडवतो. रेवदंड्याचे पाणी गोठणार नाही, आणि त्याने गोठावे अशी गरजही नाही. बँकॉक आणि अबू धाबीचा इतिहास हेच सांगतो की, या खेळात मुलांचे भवितव्य आता हवामान ठरवत नाही. ते ठरते रिंकच्या विजेचे बिल दर महिन्याला, वर्षानुवर्षे भरले जाते की नाही, यावर.