गोंडांचा इतिहास वाचताना

नागपूर भोसल्यांचे, असे आपण सहज म्हणून जातो. पण हे शहर वसवले ते देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहाने, १७०२च्या सुमारास. त्याने शेतकरी आणि कारागीर बोलावून आणले; पुढे चांद सुलतानाने राजधानीच इथे हलवली आणि शहराला तटबंदी घातली. त्याच्यामागे गादीचा वाद उभा राहिला, तेव्हा राणीने रघूजी भोसल्यांना मदतीला बोलावले. या विषयात पहिले पाऊल टाकणाऱ्या वाचकाला म्हणूनच दूरच्या जंगलात जायला नको. सुरुवात नागपूरच्या महाल भागातूनच करावी.

मात्र वंशावळीपाशी थांबू नये. देवगड, चांदा, खेरला, गढा-मंडला ही राज्ये मोठी खरी, पण गोंड समाजाची वीण दरबाराबाहेरची आहे. कुळे चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशी वाटलेली. देवसंख्या सारखी असेल तर ते भाऊबंद, त्यांच्यात सोयरीक होत नाही. ही घडी गोंडांचा पुराणपुरुष पारी कुपार लिंगो याने बसवली, असे गोंडांचे परंपरागत गायक, म्हणजे परधान, किंगरी या तंतुवाद्यावर गाऊन सांगतात. गुहेत कोंडलेल्या गोंडांना लिंगोने बाहेर काढले. सालेकसा तालुक्यातले कचारगड ती जागा, ही श्रद्धा. माघ पौर्णिमेला तिथे आजही यात्रा भरते. परधानाचे घर यजमान गोंड घराशी पिढ्यान्‌पिढ्या जोडलेले असते. माझ्या मते या समाजाचे खरे दप्तर परधानाच्याच कंठात आहे.

नागपुरात मिशनरी म्हणून राहिलेल्या स्टीफन हिस्लॉप यांनी लिंगोचे गीत एका परधानाकडूनच उतरवून घेतले. १८६३मध्ये ते पुरात बुडाले. त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली छापली. १९१६मध्ये रसेल आणि हिरालाल यांचे जाती-जमातींवरचे खंड आले. ते जरूर वाचावेत, पण त्यांत गोंड माणूस बहुतेक वेळा चालीरीतींच्या नोंदीपुरताच भेटतो. मोहफुले वेचणारा, नवे पीक देवाला वाहिल्याशिवाय तोंडात न घालणारा हाच समाज १८५८मध्ये इंग्रजांविरुद्ध उठला आणि उठावाचे पुढारी बाबूराव शेडमाके चांद्याला फासावर गेले. रीत आणि राजकारण वेगवेगळ्या कपाटांत ठेवले, तर हा समाज समजणार नाही.

या अभ्यासात येणाऱ्याने गोंडी शिकावी, ही माझी कळकळीची विनंती आहे. २०११च्या जनगणनेत ती मातृभाषा सांगणारे २९ लाखांहून अधिक होते. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत तिला अजून जागा मिळालेली नाही.