पासवर्ड चोरीला न जाताही अकाउंट हॅक कसं होतं?

सप्टेंबर २०१८ मध्ये जवळपास ९ कोटी फेसबुक युजर्स अचानक लॉग-आउट झाले. एका हल्ल्यानंतर कंपनीनेच हे पाऊल उचललं होतं. हल्लेखोरांनी एकाही पासवर्डला हात लावला नव्हता. त्यांनी चोरली होती टोकन्स.

टोकन म्हणजे काय?

तुम्ही पासवर्ड आणि ओटीपी टाकला की वेबसाइट तुमच्या ब्राउझरला किंवा अ‍ॅपला अक्षरं-आकड्यांची एक लांबलचक ओळ देते. हेच टोकन. पुढच्या प्रत्येक क्लिकला ते आपोआप दाखवलं जातं, म्हणून पुन्हापुन्हा पासवर्ड द्यावा लागत नाही.

वॉटर पार्कमध्ये मनगटावर पट्टा बांधतात, तसंच हे. पट्टा दिसला की आत सोडतात, तिकीट कुणी काढलं होतं हे विचारत नाहीत. म्हणूनच टोकन चोरणाऱ्याला बहुतेक वेळा पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही.

फेसबुकमध्ये नेमकं काय झालं?

आपलं प्रोफाइल दुसऱ्याला कसं दिसतं, हे पाहण्यासाठी 'व्ह्यू अ‍ॅज' ही सोय होती. तिथे तीन चुका एकत्र आल्या.

• फक्त बघण्यासाठी असलेल्या या पानावर, वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या चौकटीत, व्हिडिओ अपलोड करण्याचा पर्याय दिसत होता.

• जुलै २०१७ मध्ये आणलेला हा नवा अपलोडर मोबाइल अ‍ॅपचे अधिकार असलेलं टोकन तयार करत होता.

• ते टोकन बघणाऱ्याचं नव्हतं; ज्याच्या नजरेतून प्रोफाइल पाहिलं जात होतं, त्या व्यक्तीचं होतं.

पानाच्या कोडमधून ते टोकन उचलायचं, त्या व्यक्तीच्या अकाउंटमध्ये शिरायचं आणि तिथून तिच्या मित्रांची टोकन्स मिळवायची, अशी साखळी तयार झाली. सुरुवातीला ५ कोटी अकाउंट्सचा अंदाज होता. तपासाअंती चोरीला गेलेली टोकन्स सुमारे ३ कोटी निघाली. याच प्रकरणात डिसेंबर २०२४ मध्ये आयर्लंडच्या डेटा संरक्षण आयोगाने मेटाला २५.१ कोटी युरोंचा दंड ठोठावला.

तुम्ही काय कराल?

फेसबुकने टोकन्स रद्द केली, म्हणून चोरांकडची टोकन्स निकामी झाली. हाच उपाय तुमच्याही हातात आहे. अकाउंटबद्दल शंका आली तर नुसता पासवर्ड बदलून थांबू नका, कारण काही वेबसाइट्सवर त्यानंतरही जुनं टोकन चालू राहतं. सेटिंग्जमध्ये 'सर्व डिव्हाइसवरून लॉग-आउट' हा पर्याय शोधा आणि वापरा. अनोळखी ब्राउझर एक्स्टेन्शन्सही काढून टाका, कारण टोकन ब्राउझरमध्येच असतं.