रक्षक (संगीतसंग्रह)

नवी दिल्लीच्या ‘ब्लडीवुड’ या मेटल वाद्यवृंदाचा पहिला स्वरचित गीतसंग्रह. प्रसिद्धी १८ फेब्रुवारी २०२२. लोकप्रिय गीतांची मेटल रूपांतरे करीत २०१६ मध्ये उदयास आलेल्या आणि २०१९ मध्ये जर्मनीतील वाकन महोत्सवात हजेरी लावून युरोपच्या मुलखात नाव मिळविलेल्या या मंडळीने कोणत्याही ध्वनिमुद्रण कंपनीचा आश्रय न घेता हा दहा गीतांचा संग्रह स्वतःच जाहीर केला. करण कटियार यांची गिटार व बासरी, जयंत भदुला यांचा कंठ आणि राऊल कर यांचे इंग्रजी रॅप हे त्याचे आधारस्तंभ होत.

डेथकोर या मेटलच्या उग्र उपप्रकाराशी या संग्रहाचे नाते सांगायचे तर ते ‘ब्रेकडाउन’मध्ये शोधावे लागते: वेगाने धावणारी लय एकाएकी मंदावते, सूर खाली उतरविलेल्या गिटारींचे जड, तुटक आघात सुरू होतात, भदुलांची खोल घशातील गर्जना त्यांवर स्वार होते आणि समोरचा जनसमुदाय एकसाथ उसळतो. या जागी पंजाबी ढोलाची थाप मिसळल्याने तो आघात परका न वाटता लग्नाच्या वरातीइतका ओळखीचा होतो. संग्रहाचे खरे सामर्थ्य, आमच्या मते, हेच. आशयही पोकळ नाही: ‘गद्दार’मध्ये द्वेषाच्या राजकारणाचा, ‘दनादन’मध्ये लैंगिक अत्याचाराचा निषेध असून ‘जी वीरे’ खिन्नतेने ग्रासलेल्यास धीर देते. ‘नू डेल्ही’ हा पुढील संग्रह २०२५ मध्ये निघाला.